पुढच्या बारीला रामेश्वर

अक्का, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं सगळे मला म्हणून राहिलेत. मी नांदेडच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे घरातल्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि गेलेल्या माणसाच्या फोटोखालच्या ओळी हे सगळं माझ्याच गळ्यात येतं. चुलतभाऊ बालाजीला मात्र दम निघाला नाही. त्यानं फाट्यावर तुझा फ्लेक्स लावला आणि त्यावर स्वतःच लिहून टाकलं: प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. कष्टाळू ठीक आहे. प्रेमळ म्हणजे कुणाशी, हे विचारायला हवं. आणि मनमिळाऊ? शेजारच्या गोदाकाकूशी बांधावरच्या बोरीवरून तू किती वर्षं अबोला धरला होतास, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. फ्लेक्सवरचा फोटोही तुझा एकटीचा नाही. दादाबरोबरच्या फोटोतून तुला कापून काढलंय. त्याची बोटं अजून तुझ्या खांद्यावर दिसतात.

मला तुझ्यावर चांगलं लिहिता येत नाही, कारण आपलं भांडण मिटलेलं नाही. भांडता भांडता एक माणूस उठून निघून गेलं तर दुसऱ्यानं काय करायचं? म्हणून हे मी तुलाच लिहिते आहे. आता ऐकून घे. जिवंतपणी तू माझं बोलणं मधे न तोडता कधी ऐकलं नाहीस.

आपण तिघं. तू थोरली, मधला दिलीपदादा, आणि मी शेंडेफळ. आई लवकर गेली. तुझा नवराही लवकर गेला आणि तू माहेरी परत आलीस, ती बापाचं रान, दोन म्हशी आणि आम्हा दोघांना अंगावर घ्यायलाच. दादा शिकला, पुण्याला गेला, पुण्याहून अमेरिकेत डॅलसला गेला आणि तिकडचाच झाला. मी नांदेडच्या पुढे गेले नाही. सकाळच्या एसटीनं निघालं की जेवायच्या आत तुझ्या ओसरीवर, एवढंच माझं लांब जाणं. पण तुझ्या हिशेबात लांबचा जवळचा होता आणि जवळची होती ती होतीच.

भाऊबीज आठव. ओसरीत पाट मांडायचीस, पाटाभोवती रांगोळी, पाटावर तांब्या आणि तांब्याला टेकवून फोन. फोनमध्ये दादा, हातात कॉफीचा मग घेऊन, ऑफिसला निघायच्या घाईत. पहिल्या वर्षी तू त्याच्या कपाळाला कुंकू लावायला गेलीस आणि तेलकट बोट नेमकं लाल खुणेवर पडून फोन कट झाला. ओवाळताना भाऊ निघून गेला, आता याला काय म्हणायचं, म्हणून तू देवापाशी जाऊन बसलीस. मी परत फोन लावला तर तिकडे पोरं हसून लोळत होती आणि दादा कपाळ पुढे करून म्हणत होता, लाव अक्का, परत लाव. पुढच्या वर्षापासून तू कुंकू तांब्याला लावायला लागलीस आणि अक्षता तेवढ्या फोनवर टाकायला लागलीस. मी बाजूला उभी, निरांजनाचा उजेड तुझ्या तोंडावर पडावा म्हणून ताट धरून. मीही त्याची बहीणच होते. पण मी ओवाळायचं राहिलंय, हे तुम्हा दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही. आणि मीही कधी बोलले नाही, कारण तू तेव्हा इतकी आनंदात असायचीस की मला ते मोडवत नव्हतं.

महालक्ष्म्यांचं तर विचारूच नको. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं पान वाढून तयार. आम्ही हात जोडून उभे. आणि तू म्हणणार, थांबा जरा. का, तर आधी दादाला दाखवायचं. डॅलसला अजून कुणी उठलेलं नसायचं. बालाजीची बायको एकदा म्हणाली की अक्का, देवी उपाशी उभी आहे. तू शांतपणे म्हणालीस की देवीला काय, ती इथंच असती. मी तेव्हा हसले होते. देवी आणि मी एकाच रांगेत होतो, हे फार उशिरा कळलं.

तिकडून यायचे ते सहलींचे फोटो. बर्फात दादा, धबधब्यापाशी दादा, मोठ्या जहाजाच्या कठड्याला टेकून दादा आणि वहिनी. तू चष्मा लावून दोन बोटांनी फोटो मोठा करायचीस. डोंगर, दरी, समुद्र यांच्याशी तुला घेणंदेणं नव्हतं. पोराच्या अंगात स्वेटर आहे का, दादाची हनुवटी उतरली आहे का, एवढंच बघायचीस. मग तोच फोटो दूध न्यायला येणाऱ्याला, बालाजीला, अबोला असतानाही बांधावर उभं राहून गोदाकाकूला. त्या धबधब्याचा फोटो बघून तू म्हणाली होतीस, येवढं पाणी वाया जाऊन राहिलंय अन् आपल्याकडं टँकरच्या मागं पळायचं. ते वाक्य मी अजून वर्गात सांगते आणि पोरं हसतात. परवा सांगायला गेले आणि मधेच थांबले.

आता येळवशीचं. हे लिहिताना मला अजून राग येतो. मार्गशीर्षातली अमावस्या, रानात हरभरा, तूर, ज्वारी सगळं हिरवंगार. आपल्याकडे त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोपी, कोपीत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव, ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून जेवायला बसवायचं. दादाच्या पोरांना ती बघायची होती. पण त्यांच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात. तर तू काय केलंस? मे महिन्यात येळवस केलीस.

मी तुला फोनवर सांगत होते की अक्का, वेड लागलंय का. रान नांगरून पडलेलं, ढेकळं पायाला चटके देतात, हिरवं पान नाही, भज्जीत घालणार काय? तू लातूरहून बर्फातले मटार मागवलेस. वाळले हरभरे भिजत घातलेस. तुरीचे ओले दाणे कुठून आणणार, तर ते नसतातच असं पोरांना सांगून टाकलंस. भर उन्हात त्या काळ्या, उघड्या रानात कोपी उभी राहिली आणि तू घोंगडी पांघरून, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन, नसलेल्या पिकावर आंबील शिंपडत फेरी घातलीस. हे काम गड्यांचं. पण बालाजीनं साफ नकार दिला होता. अमावस्या न्हाई अन् पीक बी न्हाई, रानाची चेष्टा कशाला करता, असं म्हणून तो रुसून घरी बसला होता. दादा पुढे पुढे चालत तुझं शूटिंग करत होता. अक्का, एकदा इकडं बघ, अक्का, आता शिंपडायचं परत. तू परत शिंपडलंस. पोरं पंधरा मिनिटांत गाडीत जाऊन एसी लावून बसली. वहिनीनं भज्जी चाखली आणि छान आहे म्हणाली. तिचं काही वाईट नव्हतं, तिला खरी भज्जी ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी तुझ्या तळपायाला मी खोबरेल लावत होते. फोड आले होते. मी म्हणाले, कशाला केलंस हे? तू म्हणालीस, लेकरं सांगतील की तिकडं, आमच्या अक्कानं येळवस केली म्हून. त्या शूटिंगला पुढे डॅलसच्या मंडळात फार टाळ्या पडल्या, असं दादानं कळवलं होतं. तू ते सगळ्यांना सांगत फिरलीस.

आणि त्याच वेळचं ते दुसरं. येण्याआधी दादा फोनवर म्हणाला होता, अक्का, या बारीला तुला रामेश्वरला नेतो. बस, एवढंच म्हणाला होता. पण तू म्हशींचं दूध काढायला माणूस ठरवलंस. नवी चप्पल घेतलीस आणि पायाला लागू नये म्हणून ओसरीत घालून फिरलीस. चार लुगडी इस्तरीवाल्याकडे दिलीस. आयुष्यात कधी इस्तरीचं लुगडं नेसली नव्हतीस. सकाळी गाडी आली तेव्हा तिच्यात वहिनीचे आईवडील पुण्याहून येऊन आधीच बसलेले होते. रामेश्वरचा गोवा झाला होता. दादा खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला की अक्का, या उन्हात तुला झेपायचं नाही, पुढच्या बारीला विमानानंच नेतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणालीस, मला कुठं जमतंय रे, म्हशीला कोन बगंल. आणि बोलता बोलता बाजेखालची पिशवी पायानं आत ढकललीस. त्याला दिसली नाही. मला दिसली.

मी त्याच दिवशी ठरवलं की तुला रामेश्वरला मी नेणार. दरवर्षी शाळेची सहल नेते, लोकांची पोरं सांभाळून वेरूळ आणि रायगड दाखवते, मला एक बहीण नेता येत नाही? गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या बाया रामेश्वरला निघाल्या. मी तुझी जागा धरली, खिडकीची, कारण तुला गाडीत मळमळतं. ओवा, लिंबू, गोळ्या सगळं घेतलं. तुला न्यायला आदल्या दिवशी गावी आले. तू चूल सारवत होतीस. वर न बघता म्हणालीस, मी न्हाई येत.

मला वाटलं, म्हशी. म्हटलं, माणूस बघितलाय मी. मग वाटलं, तब्येत. तब्येत ठणठणीत होती. मग तू हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसलीस आणि सांगितलंस. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

"सुमे, दिलीप न्हेणार हाय मला. त्यानं शबुद दिलाय. मी तुझ्यासंगं जाऊन आले तर त्यो कशापायी यील मग?"

मी म्हणाले की तो तसाही येत नाही. तू म्हणालीस, न्हाई येत, पर येयाचं राहिलंय म्हून फोन तर करतो. अक्काला रामेश्वर दावायचं राहिलंय, आसं दर बारीला म्हनतो. ते राहिलेलं राहू दे त्याच्यापाशी.

मग मला जे बोलायचं नव्हतं तेच मी बोलले. "अन् मी, अक्का? मी दर महिन्याला येते. तुझ्या गोळ्या आणते, तुझी नखं काढते. माझं काय?"

तू अगदी सहज म्हणालीस. चिडून नाही, मला दुखवायला नाही. "तुझं काय? तू हायेसच की."

त्यावर मी काय काय बोलले ते आठवत नाही. तूही बोललीस. दादाच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या बाईला मी आंधळी म्हणाले, आणि तू मला म्हणालीस की तुला त्याचं सोसत न्हाई. संध्याकाळच्याच एसटीनं मी परत निघाले. तू फाट्यापर्यंत मागं मागं आलीस, हातात धपाट्यांचं गाठोडं. मी गाठोडं घेतलं आणि तुझ्याकडे बघितलं नाही. तू गाडी हलेपर्यंत उभी होतीस, नेहमीसारखी. धपाटी मी खाल्ली. तुझ्या हातचं टाकून देण्याएवढा राग मला कधीच आला नाही.

आणि आता एक सांगते. मी त्या वेळी रामेश्वरला गेलेच नाही. बाया गेल्या, मी घरी बसले. तुझी जागा रिकामी ठेवून त्या खिडकीशेजारी मला बसवेना. तुला मात्र फोनवर सांगितलं की जाऊन आले, छान झालं. मला वाटलं, तू विचारशील, काय बघितलंस, फोटो दाव की. मग मी खरं सांगेन, आपण दोघी रडू आणि मिटेल. तू विचारलं नाहीस. त्याच्या बर्फाचे, त्याच्या जहाजाचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघणारी तू, मला एक फोटो मागितला नाहीस. वर्षभर मी दर महिन्याला तुझ्याकडे येत राहिले आणि वर्षभर वाट बघत राहिले. म्हणजे वाट बघण्यात आपण दोघी बहिणी सारख्याच निघालो.

यंदाची भाऊबीज झाली आणि मग त्या सकाळी वैरण टाकता टाकता तू खाली बसलीस. बालाजीनं तुला लातूरला नेलं. मी पोचले तेव्हा तू शुद्धीवर होतीस. माझा हात धरलास, चांगला घट्ट धरलास. मला वाटलं, आता बोलशील. तू विचारलंस, "दिलीपला कळवलं का?" मी हो म्हणाले. तू म्हणालीस, "लगीच ये म्हणू नको. त्याला रजा न्हाई." मग हात तसाच माझ्या हातात ठेवून डोळे मिटलेस. शेवटचं बोललीस तेही त्याच्या सोयीचं. पण हात माझ्या हातात होता, अक्का. तेवढं मी कुणाला देणार नाही.

सरणाला अग्नी बालाजीनं दिला, दादा फोनमध्ये. तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा दादानं फोनवरून सांगितलं की अस्थी सोडू नका, मी निघतोय, अक्काला रामेश्वरला मीच नेणार. म्हणून मडक्याला फडकं बांधून रानातल्या लिंबाला टांगलं.

दहाव्यालाही तो पोचला नव्हता. नदीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, चांगले दोन-तीन, पलीकडच्या दगडावर. शिवेनात. बालाजी म्हणाला की अक्का, म्हशी विकणार न्हाई. नाही शिवले. गोदाकाकू पदर तोंडाला लावून पुढे आली आणि म्हणाली की बोर तुझीच गं बाई. मला रडतानाही हसू आलं. कावळे जागचे हलले नाहीत. मग मी पुढे झाले. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले की अक्का, तुला रामेश्वरला मी नेते. एक कावळा उडाला, पिंडावरून गेला आणि परत दगडावर जाऊन बसला. तेवढ्यात बालाजीनं फोन पुढे केला. फोनमधून दादाचा आवाज आला, "अक्का, मी येतोय. तुला मीच नेणार." आणि कावळा आला.

बाया रडायला लागल्या. बहिणीचा जीव भावात अडकला होता, असं एकमेकींना सांगायला लागल्या. मी नदीच्या पाण्याशी जाऊन उभी राहिले. कावळ्याला भूक लागते, तो केव्हाही येतो, हे मी वर्गात पोरांना शिकवते. पण त्या क्षणी मला ते काही आठवलं नाही. माझ्या मनात एकच आलं की मेल्यावरही तू मला न्हाई म्हणालीस.

परवा दादाचा फोन आला. व्हिसाच्या कागदांचं काही अडलंय, आता देशाबाहेर पडला तर परत जाता येणार नाही. खरंच असेल. मी त्याला खोटं ठरवत नाही. तो म्हणाला, मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत सगळेच येतो, तोवर अस्थी राहू देत. मे महिना म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तू घोंगडी पांघरून उभी राहिलीस. मी म्हणाले की दादा, झाडाला टांगून किती दिवस ठेवायचं तिला, ती आता थांबू शकत नाही.

तो रडत होता. म्हणाला, "ती थांबली असती, सुमे."

हे खरं आहे, म्हणूनच मला सहन झालं नाही. तू थांबली असतीस. मे महिनाच काय, त्याच्यापुढचा मे आणि त्याच्यापुढचाही. त्याला हे पक्कं माहीत होतं, तूच त्याला शिकवलं होतंस. तू वाढलेली पानं थांबवलीस, देवी थांबवलीस, ऋतूसुद्धा त्याच्यासाठी मागेपुढे केलास. मग तो कशाला घाई करेल? मला त्याचा राग येतो, पण तुझा जास्त येतो. त्यानं तुला फसवलं नाही. तो दर वेळी शब्द देत गेला आणि तू दर वेळी त्याची सुटका करत गेलीस.

रविवारी मी गावी आले. बालाजी म्हणाला की भावाचा मान आहे, तायडे, तू मधे पडू नको. मी रानात गेले. लिंबाची फांदी उंच होती, माझा हात पुरेना. गोदाकाकू आपल्या बांधावरून बघत होती. ती घरून स्टूल घेऊन आली आणि मी वर चढले तेव्हा खाली धरून उभी राहिली. मडकं माझ्या हातात आलं तेव्हा ते इतकं हलकं होतं की मला घाबरायला झालं. एवढी भांडखोर बाई आणि एवढीशी.

दादाला मी लगेच कळवलं. मी नेतेय म्हणाले. त्यानं विचारलं, "तिथून व्हिडिओ कॉल करशील ना?" मी नाही म्हणाले. का, असं त्यानं विचारलं नाही. त्यालाही काहीतरी कळलं असावं. फोन ठेवताना तो म्हणाला की आता मी कशासाठी येऊ गं. तुझंच वाक्य, अक्का, तुझ्याच लाडक्याच्या तोंडून. तू त्याला बांधून ठेवायला जी एक गाठ एवढी वर्षं जपलीस, ती मी सोडते आहे. तो आता येणार नाही. एखाद्या सणाला फोन येईल, मग तोही येणार नाही. हे कळून मी करते आहे.

उद्या सकाळी नांदेडहून गाडी आहे. खिडकीची जागा धरली आहे आणि मडकं मी मांडीवर घेणार आहे. तुझ्या नकाराला उत्तर म्हणून मी हे करते आहे की माया म्हणून, हे मला विचारू नकोस, मला ते वेगळं करता येत नाही. तिथं पोचल्यावर समुद्र दाखवीन, पाण्यात सोडीन, हात जोडीन. लोक म्हणतील, बहिणीनं केलं हो. पण आपल्या दोघींना खरं माहीत आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासंगं येते आहेस, आणि तेही मी विचारलं म्हणून नाही, तुला आता न्हाई म्हणता येत नाही म्हणून.